फौजेची शिदोरी

इतिहास सांगताना आपल्याकडे तलवारी खणखणतात, घोडी उधळतात, गड सर होतात. संध्याकाळी त्या शिपायांनी खाल्लं काय आणि रात्री ते कशात गुरफटून झोपले, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. पोवाड्यात भाकरीला जागा नसते आणि चित्रात घोंगडी शोभत नाही. पण फौज जिंकणार की हरणार याचा निकाल पुष्कळदा लढाईच्या आधीच कोठीत लागलेला असतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, फौजेच्या वाटेवरच्या गावांचं काय होणार हेही त्या कोठीतच ठरतं.

आमच्या आर्णीचं नाव लढायांच्या यादीत शोधू नका. इतिहासाच्या पुस्तकांत १७५१ ची आरणीची लढाई भेटते, पण ती तमिळनाडूतली आरणी. आमची आर्णी अरुणावतीच्या काठावरची, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरची, कापसाच्या मुलखातली. मात्र इथे दोन शब्द लहानपणापासून कानावर असतात. एक कांबळं आणि दुसरा तांडा. गावात बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे, त्यांच्या नावाने यात्रा भरते. कंबलपोष म्हणजे कांबळं पांघरणारा. आणि गावाबाहेर पडून थोडं पुढे गेलात की बंजाऱ्यांचा एखादा तांडा लागतोच. जुन्या फौजेचं वस्त्र आणि अन्न या दोन शब्दांत जवळजवळ सगळं सामावलेलं आहे. कसं, ते बघू.

आधी वस्त्र. मराठा घोडेस्वाराला गणवेश नव्हता. बारगीर असेल तर घोडं सरकारचं, शिलेदार असेल तर घोडं त्याचं स्वतःचं. अंगावरचे कपडे मात्र ज्याचे त्याचे. डोक्याला मुंडासं, त्याच्या घड्या जितक्या दाट तितका तलवारीचा वार झेलायला बरा. लोखंडी चिलखत सगळ्यांना कुठून परवडणार? मग आत कापूस भरून दाट टाके घातलेला डगला, तेच गरिबाचं चिलखत. आणि खांद्यावर घोंगडी. ही घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण, पावसात खोळ, घोड्याच्या पाठीवर घडी करून टाकली की खोगिराखालची गादी, आणि वेळ आलीच तर कफनही. धनगराने मेंढीच्या लोकरीची दाट विणलेली घोंगडी लवकर भिजत नाही, आणि भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. कापसाचं तसं नाही. तो पाणी पिऊन घेतो आणि मग अंगातली ऊब ओढून नेतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिमालयात ती पुन्हा भेटणार आहे.

आता अन्न. मराठा घोडदळाच्या वेगाचं कौतुक सगळेच करतात, पण त्या वेगाचं एक साधं कारण होतं: बरोबर ओझं नव्हतं. तंबू नाहीत, सामानाच्या गाड्या नाहीत, जवळ थोडं धान्य, भाकरी, भाजलेले हरभरे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. मधल्या आठ महिन्यांत पोट शत्रूच्या मुलखात भरायचं. म्हणजे शिपाई हलका असायचा, पण त्याचं ओझं कुणाच्या तरी कणगीवर पडायचंच. शत्रूचा मुलूख म्हटला तरी तिथेही कुणबीच राहत होता!

आणि पावसाळ्यात हीच फौज आपल्या मुलखात छावणी करून बसली की काय? याचं उत्तर शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. १६७३ सालच्या मे महिन्यात चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते लिहिलेलं आहे. राज्याभिषेकाला अजून एक वर्ष होतं. पत्रात शौर्याचा एक शब्द नाही. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच उधळलंत तर ऐन पावसात घोडी मरतील, असं महाराज बजावतात. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी त्यांचं धान्य नेईल, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी, आणि ते बिचारे म्हणतील की यापेक्षा मोगल बरे. लागेल ते बाजारातून रास्त भावाने विकत आणा. रात्री दिवे विझवून झोपा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एका राजाने उंदराचा इतका बारकाईने विचार केलेला मला दुसरीकडे वाचायला मिळालेला नाही. हे पत्र सगळ्यांना ठाऊक असतं ते रयतेबद्दलच्या कळवळ्यासाठी. मला त्यात हिशेबही तितकाच दिसतो. कळवळा खरा ठरायचा तर कोठीत दाणा शिल्लक असावा लागतो. उपाशी शिपायाला नीती शिकवून भागत नाही.

पण हजारो घोडी आणि माणसं दूरच्या मोहिमेवर निघाली की स्वतःच्या पिशवीतल्या हरभऱ्यांवर भागत नसे. तिथे आमचा दुसरा शब्द येतो, तांडा.

रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते, त्या काळात धान्य आणि मीठ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारे बंजारे म्हणजे त्या काळची मालगाडीच. लवण वाहणारे म्हणून लमाण, असंही म्हणतात. त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. गाडीला रस्ता लागतो आणि गाडीच्या बैलाला वैरण घालावी लागते. बंजाऱ्यांचा बैल पाठाळ, म्हणजे पाठीवर गोणी लादलेला. तो नाल्यातून जाई, घाट चढे, आणि वाटेने चरत चरत चाले. शेकडो-हजारो बैल, बरोबर बायका-मुलं, कुत्री, सगळा संसार. तांडा थांबेल तिथेच घर, त्यामुळे परतीची घाई नाही. पुढे नाईक, आणि नाईकाचा शब्द शेवटचा. दोन फौजा समोरासमोर उभ्या असल्या तरी तांड्याला सहसा कुणी हात लावत नसे, कारण आज त्याला लुटलं तर उद्या आपल्याला धान्य कोण आणणार?

वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं. त्यात त्यांच्यात चालत आलेली एक हकिकत आहे. १६३० च्या सुमारास शाहजहानचा वजीर असफखान दक्षिणेत उतरला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर जंगी आणि भंगी हे नाईक १,८०,००० बैल घेऊन आले. आकडा सांगोवांगीचा आहे, तो तसाच घ्यावा. पण त्यांना मिळालेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सनदेचा मजकूर फार बोलका आहे. कुणाच्याही घरच्या रांजणातलं पाणी घ्यावं, छपराचं गवत ओढून बैलांना घालावं, आणि दिवसाला तीन खूनही माफ. कारण जिथे असफखानाची घोडी तिथे या नाईकांचे बैल. म्हणजे बघा, १६३० च्या सनदेत छपराचं गवत ओढायची मुभा आणि १६७३ च्या पत्रात कुणब्याच्या लाकूडफाट्यालाही हात लावायची मनाई. फौजेचं पोट भरण्याचे हे दोन मार्ग, आणि चाळीस-पन्नास वर्षांत आपल्याच मुलखाने दोन्ही पाहिले.

रसद तुटली की काय होतं हे मराठी माणसाला पानिपताने शिकवलं आहे. १७६० च्या नोव्हेंबरपासून भाऊंची छावणी अब्दालीसमोर अडकून पडली. लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचंही पोट होतं. दुआबातून रसद पाठवणारे, अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती बऱ्याच अंशी भुकेने बाहेर काढली म्हणून. त्या दिवशीच्या चुका आपण अडीचशे वर्षं मोजतो आहोत. त्या आधीच्या अडीच महिन्यांतल्या रिकाम्या चुली कुणी मोजत नाही.

आणि याच्या बरोबर उलट चित्र तीस वर्षांनी दिसलं. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण बैल मरत होते, धान्य संपलं होतं. मोठ्या तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून तो मागे फिरला. वाटेत घोडदळ दिसलं, इंग्रजांना वाटलं शत्रूच आला. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठे! त्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य तर होतंच, पण काश्मिरी शालींपासून विलायती चाकूपर्यंत सगळं विकायला होतं. इंग्रज फौज त्या बाजारावर जगली. भाव अर्थातच चढे लागले. ज्या बाजारबुणग्यांच्या नावाने आपण पानिपतासाठी बोटं मोडतो, त्यांच्याच बाजाराने इथे जगातल्या एका बलाढ्य फौजेला जेवू घातलं. पुढच्या मोहिमेसाठी कॉर्नवॉलिसने बंजाऱ्यांना हाताशी धरलं. १८०३ साली आर्थर वेलस्लीने तेच केलं. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोल्याकडच्या अडगावची लढाई आणि १५ डिसेंबरला गाविलगड त्याने घेतला, तेव्हा त्याच्या पत्रव्यवहारात बैल आणि बंजारे यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला त्यात तोफांचा वाटा होताच, पण गोण्यांचाही होता.

मग या गोण्या वाहणाऱ्यांचं काय झालं? १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पाठाळ बैलाचा धंदा तिथेच बसला. मीठ आगगाडीने यायला लागलं, कापूस आगगाडीने जायला लागला. चार वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ज्यांचा पिढीजात धंदाच फिरण्याचा, त्यांचं फिरणंच संशयाचं ठरलं, आणि बंजारेही अनेक ठिकाणी या कायद्याच्या सावलीत आले. त्यांच्यावरचं टिपण एका पोलीस अधिकाऱ्याने लिहावं, यातच सगळं आलं. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द आला. पुढे याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यावरचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९७२ च्या दुष्काळात राज्याच्या धान्याची चिंता त्यांच्याच माथी होती. शेकडो वर्षं दुसऱ्यांची पोटं भरणाऱ्या समाजातल्या माणसाकडे ती चिंता यावी, हा योगायोग मला नुसता योगायोग वाटत नाही.

असो. रेल्वे आणि आगबोटी आल्यावर शिपायाचा शिधा सरकारच्या हातात गेला. माणशी किती औंस पीठ, किती डाळ, किती तूप, याचे तक्ते झाले. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, याची सगळ्यात कडू साक्ष इराकमधल्या कुत-अल-अमारा इथली आहे, आणि तिथे आपलीच माणसं होती.

पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन बगदादच्या दिशेने निघाली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. माघार घेत ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसच्या काठावरच्या कुतमध्ये अडकली आणि तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. मोठं शौर्य, मोठी उपासमार, आणि शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. त्यातली हजारो परत आली नाहीत.

या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळायचा, आपल्या शिपायांना कोंड्यासकट जाडंभरडं पीठ. गोऱ्यांमध्ये बेरीबेरी सुरू झाली, पाय सुजू लागले, माणसं खचू लागली. आपल्या लोकांत ती नव्हती. मैदा संपला आणि गोऱ्यांनाही तेच जाडं पीठ आणि जव खावे लागले, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा चार-पाच वर्षांची होती. कोंड्यात काय आहे हे डॉक्टरांना नुकतं कळू लागलं होतं. जात्यावर दळणाऱ्या आपल्या बायकांनी तो कधी टाकलाच नव्हता.

पण नाण्याची दुसरी बाजूही होती. भाजी संपली, घोडी कापायची वेळ आली. गोऱ्यांनी घोड्याचं मांस खाल्लं, आपल्या बहुतेकांनी नाकारलं. हिंदूही नाही म्हणाले, मुसलमानही. ताजं मांस नाही, भाजी नाही, त्यामुळे स्कर्व्ही त्यांच्यातच पसरली: हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवण्यात आल्या, तरीही पुष्कळ जण तयार नव्हते. गावी परतल्यावर पंगतीतून उठवतील, ही धास्ती तुर्की तोफेपेक्षा मोठी होती. एप्रिल उजाडल्यावर बरेच जण कसेबसे तयार झाले. तोवर फार उशीर झाला होता. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तक्ता बनवणाऱ्याने औंस मोजले, खाणारा माणूस कोण आहे हे मोजलंच नाही, हेही तितकंच खरं. मग शिपायांनी माळावरचा हिरवा पाला खुडून शिजवला. आपल्याकडे पहिल्या पावसात तरोटा आणि घोळ खुडणारा हात कुतच्या मातीत काय शोधत असेल, हे सांगायला नको.

शेवटी पीठ माणशी ४ औंसांवर आलं. म्हणजे सुमारे ११० ग्रॅम, आपली जेमतेम दीड-दोन भाकरी, तीही दिवसभराची. विमानांतून पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात साडेसात टनांच्या आसपास माल पडला. इतक्या तोंडांना तो कसा पुरणार? वेढ्यात जव होते पण दळायला साधन अपुरं, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्यासुद्धा टाकल्या गेल्या. विसाव्या शतकातलं सगळ्यात नवं यंत्र आणि माणसाचं सगळ्यात जुनं यंत्र यांची अशी गाठ पडली.

आता पुन्हा वस्त्राकडे येतो. खाकी रंगाला आपण इतके सरावलो आहोत की तो मुळात जुगाड होता हे विसरतो. खाक म्हणजे धूळ. १८५७ मध्ये उन्हाळ्यात लढताना इंग्रज शिपायांनी आपले पांढरे कपडे चहात, शाईत, मातीच्या पाण्यात बुडवून मळकट केले, कारण पांढरा रंग लांबून नेम धरायला सोपा. पायाला गुंडाळायची पट्टी त्यांनी इथूनच उचलली, शब्दासकट. म्हणजे साहेबाचा गणवेश काही अंशी आपल्या धुळीचा आणि चिंध्यांचाच. गंमत अशी की १९१४ च्या शरदात हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या तेव्हा त्यांच्या अंगावर हेच पातळ सुती खाकी कपडे होते, आणि समोर युरोपचा हिवाळा.

त्यापासून आपण काही शिकलो का? २० ऑक्टोबर १९६२. नमकाचू नदीचं खोरं, १०,००० फुटांहून जास्त उंची. आपल्या जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, पांघरायला एकेक कांबळं. विमानातून टाकलेला शिधा दरीत जाई. इथे ती घोंगडीची गोष्ट आठवा: कापूस भिजला की ऊब ओढून नेतो. आमच्या यवतमाळचा कापूस पांढरं सोनं खराच, पण सोन्याने थंडी भागत नाही. देशभर बायकांनी स्वेटर विणले, अंगावरचे दागिने दिले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानाने म्हणतो. अभिमान रास्तच आहे. पण घरोघरी विणल्या जाणाऱ्या त्या स्वेटरांकडे मी आणखी एका नजरेने बघतो. सरकारी कोठारात जे असायला हवं होतं, ते बायका रात्री दिव्याखाली बसून पूर्ण करत होत्या. ते प्रेम होतं, आणि तीच कोठीच्या रिकामेपणाची पावतीही होती.

त्यानंतर पुष्कळ बदललं. म्हैसूरला १९६१ च्या अखेरीस जवानांच्या अन्नावर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झालीच होती. उंचावर टिकणारे, पाकिटातून गरम करून खाता येणारे पदार्थ तिथे तयार झाले. बर्फातले कपडे आले. हे सगळं चांगलंच आहे.

तरी मला राहून राहून वाटतं की या सगळ्याकडे बघायची आपली नजर अजून बदललेली नाही. संग्रहालयात तलवार काचेत असते. गोणी कुठे असते? कांबळं कुठे असतं? फौजेला जे कमी पडलं ते दर वेळी कुणीतरी भरून काढलं: कधी कुणब्याची कणगी, कधी लमाणाचा बैल, कधी एखाद्या आजीच्या विणायच्या सुया. ज्या राजाने उंदराच्या तोंडातल्या वातीचाही विचार केला त्याला हे कळलं होतं. त्याला ठाऊक होतं की कोठीतला दाणा संपला की शिपाई पहिली स्वारी आपल्याच माणसांवर करतो.

तुमच्या घरात, गल्लीत, शेजारच्या तांड्यावर फौजेतून परतलेला कुणी म्हातारा असेल तर त्याला लढाईचं नंतर विचारा. आधी विचारा, तिथे जेवायला काय मिळायचं, आणि थंडी वाजली की काय पांघरायचात? तो आधी हसेल. मग सांगायला लागेल. ते लिहून ठेवा.